आत कुणीही जाईल, प्रश्न परतीचा आहे : १९८१ चा ‘विझर्ड्री’ समजून घेताना

फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रॅमी पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा व्हिडिओ गेमच्या संगीताचा पुरस्कार विनिफ्रेड फिलिप्स या संगीतकार बाईंना मिळाला. खेळाचं नाव ‘विझर्ड्री : प्रूव्हिंग ग्राउंड्स ऑफ द मॅड ओव्हरलॉर्ड’. बातमी वाचून मी हसलो, कारण हा खेळ मूळचा १९८१ चा. ज्या ॲपल टू संगणकावर तो आला, त्याला आवाजासाठी वेगळी चिपसुद्धा नव्हती. आत एक छोटा स्पीकर, तो टिकटिक करायचा. इतकंच संगीत. डिजिटल एक्लिप्स या कंपनीनं खेळाला नवी चित्रं आणि नवं संगीत चढवून २०२४ मध्ये तो पूर्ण स्वरूपात बाजारात आणला, आणि ग्रॅमी मिळालं ते त्या नव्या संगीताला. पण रंगरंगोटीच्या खाली चालतो तो मूळ जुना खेळच. हवं तर पडद्याच्या कोपऱ्यात मूळ ॲपल टूवरचा खेळ एका काळ्या चौकोनात दिसत राहतो.

मी तो चौकोन चालू ठेवून खेळत बसलो होतो. नववीतला भाचा सुट्टीला आलेला. पाच मिनिटं मागे उभा राहिला आणि म्हणाला, “मामा, यात करायचं काय असतं? नुसत्या भिंती तर दिसतायत.”

प्रश्न रास्त होता. पुढचं सगळं त्याला समजावता समजावता सुचलेलं आहे.

भुयारात उतरायचं म्हणजे काय

या जातीच्या खेळांना डंजन क्रॉलर म्हणतात. डंजन म्हणजे भुयार, तळघर, आणि त्यातून चाचपडत पुढे सरकायचं. आपण सहा जणांची टोळी तयार करायची, वरच्या गावात थोडी शस्त्रं घ्यायची, जिन्यानं खाली उतरायचं, राक्षसांशी लढायचं, पैसे आणि अनुभव कमवायचा आणि वर यायचं. पुन्हा उतरायचं, या वेळी जरा खोल. गोष्ट म्हणाल तर पोस्टकार्डावर मावेल: ट्रेबोर नावाच्या वेड्या राजाचा जादूचा ताईत वेर्डना नावाच्या मांत्रिकानं चोरला आणि तो भुयाराच्या तळाशी जाऊन बसला. ताईत परत आणा.

वेर्डना आणि ट्रेबोर ही नावं इंग्रजीत उलटी वाचली की अँड्र्यू आणि रॉबर्ट होतात. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड ही कॉर्नेल विद्यापीठातली दोन पोरं, त्यांनीच हा खेळ लिहिला. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑग्डेन्सबर्ग गावच्या सर-टेक कंपनीनं तो फ्लॉपीवर विकला. कल्पना मात्र हवेतून आली नव्हती. कागद आणि फासे घेऊन टेबलाभोवती खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला होता. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणकव्यवस्थेवर विद्यार्थ्यांनी त्याच्या चोरट्या नकला केल्या होत्या. १९७५ च्या एका खेळाचं नाव ‘पेडिट फाइव्ह’ होतं, कारण ती अभ्यासाच्या धड्याची फाइल वाटावी! व्यवस्थापक ती पुसायचे, पोरं पुन्हा टाकायची. हा खटाटोप कुठल्याही वसतिगृहात राहिलेल्याला समजेल.

टोळी जमवताना

प्रत्येक गड्याला सहा गुण असतात: ताकद, बुद्धी, श्रद्धा, चिवटपणा, चपळाई आणि नशीब. ताकद ११ झाली की योद्धा होता येतं, बुद्धी ११ झाली की मांत्रिक, श्रद्धेवर पुजारी, चपळाईवर चोर. सामुराई किंवा निंजासारखे मानाचे पेशे आहेत, पण निंजा व्हायला सगळे गुण १७ लागतात आणि सुरुवातीला ते जमणं जवळपास अशक्य.

माझ्या टोळीत पुढे खंडू, मारुती आणि रखमा. मागे शिरप्या चोर, बुवा पुजारी आणि पंत मांत्रिक. पुढचे तीन हातघाईची लढाई करतात. मागच्यांची शस्त्रं शत्रूपर्यंत पोचत नाहीत, त्यांनी मंत्र म्हणायचे. वारीच्या दिंडीसारखी ओळ ठरलेली आहे आणि ती मोडली की गोंधळ होतो.

दोन आकडे समजले की बाकी सगळं जमतं. पहिला हिट पॉइंट, म्हणजे अंगात जीव किती उरलाय. नवख्या मांत्रिकाला तो जेमतेम दोन-चार असतो. एका बऱ्या फटक्यात आटोपला. दुसरा आर्मर क्लास, म्हणजे चिलखताचा दर्जा. हा नवख्यांना हमखास चकवतो, कारण इथे आकडा जितका लहान तितकं चांगलं. उघड्या अंगाचा दर्जा १०, ढाल-चिलखत चढवलं की ९, ८, ६ असा खाली येतो. भाचा म्हणाला, “उलटं का?” म्हटलं, तुझ्या वर्गातला नंबर कसा असतो? पहिला मोठा की दहावा? त्याला पटलं. आईला मात्र पटणार नाही, त्याचा नंबर ऐकून.

मंत्रांचा डबा

ही या खेळाची सर्वांत सुंदर गोष्ट आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मंत्रांची भाषा ग्रीनबर्ग-वुडहेडनी बनवलेली आहे. ‘हालितो’ म्हणजे आगीचा छोटा गोळा. त्याला उपसर्ग लागला की ‘माहालितो’, मोठा गोळा. ‘लाहालितो’, आणखी मोठा. संस्कृत शिकवताना गुरुजी ‘हार’ला आ, वि, प्र, सं लावून दाखवायचे, तसंच. मूळ खेळात हे शब्द अक्षर न अक्षर टाइप करावे लागत. स्पेलिंग चुकलं तर मंत्र नाही.

पण खरी मेख मोजणीत आहे. नवख्या पंतांना पहिल्या पायरीचे मंत्र दिवसाला दोनदाच म्हणता येतात. ते मिळतात गावातल्या खाणावळीत झोप काढल्यावर. भुयारात कितीही वेळ काढा, डबा पुन्हा भरत नाही. सकाळी आईनं दिलेल्या दोन पोळ्या, त्या कधी खायच्या ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि त्याच दोन पोळ्यांत सगळं भागवायचं. ‘हालितो’ एका शत्रूला भाजतो. ‘कातिनो’ घोळक्याला झोपवतो, आणि झोपलेल्याला मारणं सोपं, म्हणून जाणते खेळाडू सुरुवातीला तोच वापरतात. तिसरा आहे ‘दुमापिक’. तो लढत नाही. जिन्यापासून आपण किती घरं पूर्वेला, किती उत्तरेला आणि किती खोल आहोत, एवढंच सांगतो. म्हणजे आपण कुठे आहोत हे विचारायचं असेल, तर शत्रूला झोपवायचा एक मंत्र खर्ची घालावा लागतो. चार ओळींच्या नियमात लेखकांनी केवढा पेच टाकलाय पाहा.

ग्राफ पेपर घेऊन बसा

भुयाराचे दहा मजले. प्रत्येक मजला २० बाय २० घरांचा, म्हणजे एकूण चार हजार घरं. मूळ खेळात नकाशा नव्हता. तुम्ही शाळेतला आलेख कागद घ्यायचा, एक चौकट म्हणजे एक घर धरायचं आणि पाऊल टाकाल तशी भिंत काढायची. नव्या आवृत्तीत नकाशा आपोआप उमटतो. मी भाच्याला हट्टानं कागदावर काढायला लावला.

दहा मिनिटांत त्याची मजा संपली. एका बाजूनं दिसणारं दार दुसऱ्या बाजूनं भिंत निघालं. मग एका घरात पाय पडला आणि तोंड कुठल्या दिशेला आहे हेच कळेना. काही घरं टोळीला गपचूप गर्रकन फिरवतात आणि पडद्यावर अवाक्षर येत नाही. तिथून पुढे त्यानं काढलेला नकाशा सगळा आडवा झालेला होता. वीस चौकटी खोडरबरनं पुसताना तो म्हणाला, “हे चीटिंग आहे.” मला वाटतं, चीटिंग नाही. कागदावरचा नकाशा हा तुमचा समज असतो आणि भुयार ही वस्तुस्थिती. दोन्हींत फट पडली की दुमापिक म्हणावा लागतो. म्हणजे पुन्हा त्या दोन पोळ्या.

मग लढायचं कशासाठी, वळायचं कधी?

आता मूळ मुद्दा. बाहेरून हा राक्षस मारायचा खेळ वाटतो. तसा तो नाही. चारचौघांसारखी लढाई तर ‘लढा’ असं चार वेळा दाबलं की होते. प्रत्येक दाराशी खरा प्रश्न एकच असतो: अजून आत जायचं, की इथून मागे फिरायचं?

ट्रेकला जाणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेनं चढताना जाणता माणूस पाण्याची बाटली अर्धी झाली की थांबून विचार करतो. शिखर किती दूर आहे यापेक्षा परतीला किती पाणी लागेल, हा त्याचा हिशेब असतो.

हाच हिशेब आकड्यांत मांडू. आकडा माझा, फक्त समजण्यासाठी. समजा, एका चकमकीतून सहाच्या सहा जण जिवंत सुटण्याची शक्यता ९५ टक्के आहे. भरपूर वाटते ना? आत जाताना दहा चकमकी झाल्या, तर सगळे शाबूत असण्याची शक्यता ०.९५ चा दहा वेळा गुणाकार, सुमारे ६० टक्के. पण तिथून वर यायला पुन्हा तोच रस्ता. त्यावर आणखी दहा चकमकी झाल्या तर शक्यता ३६ टक्क्यांवर येते. तेही मंत्र संपलेले आणि जीव निम्मा असताना ९५ टक्केच धरून. नवखा माणूस फक्त जाण्याचा हिशेब करतो. त्याला वाटतं आपण साठावर खेळतोय, आणि तो खेळत असतो छत्तिसावर.

म्हणून सुरुवातीला जुने खेळाडू काय करतात, तर जिन्याजवळच्या खोलीत एक लढाई, आणि लगेच वर. खाणावळीतल्या खोल्यांना पैसे पडतात, शिवाय तिथे आठवडे जातात आणि गडी म्हातारे होतात, हो, वय वाढून गुण उतरतातसुद्धा. तबेल्यात झोपणं मात्र फुकट. तिथे जखमा भरत नाहीत, पण मंत्र परत येतात. मग सकाळी जिना उतरायचा, तिथेच तळ ठोकून बुवांकडून ‘दिओस’ हा जखम भरायचा मंत्र म्हणवून घ्यायचा, वर येऊन पुन्हा तबेल्यात झोपायचं. असं चार वेळा केलं की दमडीही न मोजता सगळे टुणटुणीत. आमच्या आजोबांना हा खेळ फार आवडला असता.

“मेलं की मेलं? हा काय खेळ झाला!”

भाच्याचा सर्वांत मोठा आक्षेप हाच. आजच्या बहुतेक खेळांत मेलात की थोड्या मागच्या ठिकाणापासून सुरू करता. विझर्ड्रीत गडी मेला की ते लगेच फ्लॉपीवर लिहिलं जायचं. कित्येक खेळाडू लढाई हरताना दिसली की धावत जाऊन ड्राइव्हमधून फ्लॉपी उपसून काढायचे, लिहायच्या आत! यमाच्या हातून वही हिसकावल्यासारखं.

मेलेल्याला गावातल्या ‘टेम्पल ऑफ कँट’ या देवळात न्यायचं. कँट या इंग्रजी शब्दात ढोंगी धार्मिक बडबड असाही अर्थ आहे, आणि तिथले पुजारी मोबदला आधी घेतात. पडद्यावर एकामागून एक शब्द उमटतात: कुजबुज, जप, प्रार्थना, आवाहन. मग निकाल. जमलं तर गडी उठून बसतो. नाही जमलं तर त्याची राख होते. राखेवर आणखी महाग विधी करता येतो, आणि तोही फसला तर नाव यादीतून कायमचं जातं.

माझा खंडू असाच गेला. चौथ्या मजल्यावर एका दारापाशी मारुती म्हणाला असता ‘पुरे’, पण मारुती बोलत नाही आणि मी थांबलो नाही. खंडूला वर आणलं, पैसे भरले. कुजबुज, जप, प्रार्थना, आवाहन. राख. उरलेल्या पाचांची चिलखतं विकून पुन्हा पैसे भरले. परत तेच चार शब्द. मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. आलो तर यादीत पाच नावं.

मजा काय यात, असं विचारलंत तर सांगणं अवघड आहे. पण इतर खेळांतल्या शेकडो मेलेल्या नायकांपैकी मला एकही आठवत नाही, आणि खंडूचे सगळे आकडे पाठ आहेत.

“म्हणजे सगळं नशिबावरच की”

अर्धं खरं. फासे संगणकाच्या आत पडतात आणि कधी कधी दुष्टपणे पडतात. अनुभव साठला की गडी एक पायरी वर चढतो, तेव्हासुद्धा एखादा गुण वाढायच्या ऐवजी घटतो. काही भुतांचा नुसता स्पर्श झाला तर कमावलेली पायरीच गळून पडते.

पण फासा कधी टाकायचा, हे तुमच्या हातात आहे. पेटी सापडली की तिच्यात बहुधा सापळा असतो. विषारी सुई, वायूचा स्फोट, किंवा टोळीला भलतीकडे फेकणारा. शिरप्या चोर तपासून सांगतो, आणि चुकीचंही सांगतो. ‘काल्फो’ मंत्रानं खात्री करून घेता येते, पण तो बुवांच्या डब्यातला. मूळ खेळात सापळ्याचं नाव तंतोतंत टाइप करून मगच तो निकामी करता यायचा. पण पेटी न उघडता निघून जाण्याला कुणाचीच बंदी नाही. हा पर्याय मी दहातून एकदाही वापरत नाही. तो दोष फाशांचा नाही.

“चित्रं तरी बघ ना कसली आहेत”

मूळची चित्रं म्हणजे काळ्यावर पांढऱ्या रेघा. हे मान्यच करून टाकू. पण यात एक गंमत झाली. हा खेळ जपानमध्ये गेला आणि तिथे अमेरिकेपेक्षा जास्त रुजला. तिथल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या १९८६ च्या गाजलेल्या खेळाच्या मुळाशी विझर्ड्री आहे. रेघांमधली रिकामी जागा जपानी खेळाडूंनी गंभीरपणे भरली. खेळात ‘ब्लेड क्युसिनार्ट’ नावाची एक जबरदस्त तलवार आहे. क्युसिनार्ट हा अमेरिकेतल्या स्वयंपाकघरातल्या फूड प्रोसेसरचा ब्रँड, आणि नाव ठेवलं होतं निव्वळ थट्टेनं. जपानी खेळाडूंना ती कुणा थोर लोहाराची तलवार वाटली. कल्पना करा, ‘सुमीतखड्ग’ ऐकून कुणी हात जोडतोय.

तळाशी पोचल्यावर

एक गोष्ट मी भाच्याला उशिरा सांगितली. चौथ्या मजल्यावरची एक मोठी लढाई जिंकली की निळी फीत मिळते आणि ती असली की खासगी लिफ्ट थेट नवव्या मजल्यापर्यंत नेते. मधले चार मजले पाहायची गरजच नाही. सोळाशे घरं, त्यातले खड्डे, अंधार, दारं, सगळी ऐच्छिक. त्याला फसवल्यासारखं वाटलं. मला उलट ती लेखकांची खूण वाटते, की खोली हा मुद्दा नव्हताच.

दुसरी खूण त्याहून स्पष्ट आहे. दहाव्या मजल्यावर वेर्डनाला मारून ताईत हाती आला तरी खेळ संपत नाही. तो वर किल्ल्यात नेऊन द्यावा लागतो. आणि १९८७ च्या चौथ्या भागात तर त्यांनी खेळच उलटा केला: तुम्ही स्वतः वेर्डना, तळाशी जागे होता आणि वर चढत बाहेर पडायचं.

टोळीच्या टोळी गारद झाली तर? तीही सोय आहे. प्रेतं जिथे पडली तिथेच राहतात. नवी टोळी करून त्यांना शोधून आणायचं. फक्त टोळीत सहाच जागा, त्यामुळे तिघांना आणायचं तर तिघांनीच जायचं.

सध्या माझी परिस्थिती ही आहे. मारुती, रखमा, शिरप्या, बुवा, पंत आणि खंडूच्या जागी घेतलेला नवा गडी, असे सहाही जण तिसऱ्या मजल्यावर पडलेत. त्या मजल्यावर खड्डे फार आणि चौरस्ते गरगर फिरवणारे. म्हणजे दोन खेपा. भाच्यानं त्याच्या टोळीतले तीन जण दिलेत, पायरी दुसरी, आणि वर बजावलंय की मांत्रिकाचा एकच मंत्र उरला की काहीही झालं तरी वळायचं.

काल आम्ही जिन्यापासून पूर्वेला नऊ, उत्तरेला चार घरांपर्यंत पोचलो. मंत्र एकच उरला होता. माझ्या नकाशाप्रमाणे बुवा पुढच्या दारामागे आहेत. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आलेख कागदाकडे, आणि नकाशा बरोबर आहे का हे पाहायला दुमापिक म्हणायचा की कातिनो राखून ठेवायचा, यावर आमचं जेवणाची ताटं वाढेपर्यंत भांडण चाललं होतं.